फोर्ट रिकव्हरीच्या रणभूमीसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

इतकी वर्षं ओहायोत राहून आपल्यापैकी किती जण फोर्ट रिकव्हरीला गेलेत? वाबाश नदीकाठचं हे छोटं गाव रणभूमीवरच वसलंय. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे मायामी, शॉनी, डेलावेअर आणि इतर मूलनिवासींनी जनरल सेंट क्लेअरची छावणी इथे घेरली. लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट त्यांचे म्होरके. तीनेक तासांत ६०० हून अधिक अमेरिकी सैनिक पडले. मूलनिवासींकडून एवढी मोठी हार अमेरिकेच्या सैन्याला पुन्हा कधी पत्करावी लागली नाही. दोन वर्षांनी जनरल वेनची माणसं आली, तेव्हा आधी हाडं गोळा करून पुरावी लागली, मग लाकडी किल्ला उभा राहिला. ३० जून १७९४ ला त्याच्यावरही हल्ला झाला.

हे सगळं आज लोकांच्या परसात, हिरवळीखाली आहे. इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे सर्वेक्षण केलंय. मेटल डिटेक्टर वाजला की तिथे झेंडी रोवायची, जागा नेमकी टिपायची, मगच वस्तू उचलायची. शिशाची गोळी असते बोराएवढी. गोल असेल तर बहुधा झाडण्याआधीच हातातून निसटलेली, चपटी असेल तर कशावर तरी आदळलेली. या नोंदी नकाशावर मांडल्या की कोण कुठून लढलं ते उलगडू लागतं. खिशात घालून नेलेली गोळी मात्र नुसतं शिसं.

गडावर सापडलेलं नाणं आठवण म्हणून घरी नेणारे आपण लहानपणापासून पाहिलेत. म्हणून हे काम आम्हाला परकं वाटत नाही.

मातीतून काढलेलं लोखंड तसंच ठेवलं तर त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावरची प्रक्रिया वेळखाऊ आणि खर्चिक असते. त्यासाठी आपलं मंडळ गावातल्या संग्रहालयाला देणगी देणार आहे. दर कुटुंबामागे २५ डॉलर अपेक्षित आहेत. विद्यार्थ्यांनी जमेल ते द्यावं. रक्कम खजिनदारांकडे दिवाळीच्या कार्यक्रमात द्या, पावती तिथेच मिळेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आपण मुलांसह तिथे जाणार आहोत. गाडीत जागा असेल तर कळवा. डिटेक्टर कुणीही आणू नये, आणि कुठे काही दिसलंच तर हात न लावता संग्रहालयाच्या माणसांना हाक मारावी.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी