ऑडिटला घाबरणाऱ्या स्टोअरकीपरच्या हातात नियम द्या

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

चवथ जवळ आली की दरवर्षी पेपरात त्याच बातम्या येतात, थर्मोकोल नको, पीओपीचा गणपती नको, बाजारात जाताना कापडी पिशवी न्या, आणि हा सगळा उपदेश नेहमी तुम्हाआम्हाला. सरकार स्वतः काय विकत घेतं याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मी गोव्यात सरकारी खात्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस आहे, खातं कुठलं ते सोडा, सगळीकडे तीच तऱ्हा. म्हणून थोडं आतून लिहितो.

शिबिर असो, उद्घाटन असो, ट्रेनिंग असो, इंडेंट म्हणजे मागणीचा कागद ठरलेला. डिस्पोजेबल प्लेटा एवढ्या, कप एवढे, पाण्याच्या बाटल्या एवढ्या, स्टेजच्या मागे फ्लेक्स एक, गेटवर फ्लेक्स दोन. मग कोटेशनं मागवायची, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट बनवायचं आणि सगळ्यात कमी रेट ज्याचा तो एल-वन, त्याला ऑर्डर. आता इंडेंटमध्ये नुसतं 'डिस्पोजेबल प्लेट' लिहिलं असेल तर एल-वन कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको, आतून प्लास्टिकचा पापुद्रा मारलेली कागदी प्लेट येणार. पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या झावळीच्या रुंद देठाची प्लेट तिच्यापुढे रेटमध्ये कधीच टिकत नाही.

आमच्याकडे एकदा फोंडा तालुक्यातल्या एका महिला बचतगटाच्या बायका विरीच्या प्लेटांचे नमुने घेऊन आल्या होत्या. माल चांगला, साहेबांनाही आवडला, त्यांनी तोंडी सांगितलं की या कार्यक्रमाला ह्याच घ्या. फाईल अकाउंट्सकडे गेली आणि परत आली ती एका ओळीचा शेरा घेऊन, जादा दराचं समर्थन काय? आता समर्थन म्हणून लिहायचं काय, पर्यावरण? ते काही कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राचे जनरल फायनान्शियल रूल्स, ही सरकारी खरेदीची गीता, तिच्यातला रूल १४४ म्हणतो की स्पेसिफिकेशन गरजेपुरतंच ठेवा, अनावश्यक वैशिष्ट्यं घालून खर्च वाढवू नका. प्लेटची गरज काय तर जेवण धरून ठेवणं, ते कागदी प्लेटही करते, म्हणजे विरी हे झालं अनावश्यक वैशिष्ट्य! साहेबांनी फाईल बाजूला ठेवली, कागदी प्लेटा आल्या. साहेबांना मी दोष देत नाही हो, तीन वर्षांनी ऑडिट पॅरा, म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप निघाला तर पेन्शनच्या वेळी ते झेंगट कोणी निस्तरायचं? लोकांना वाटतं सरकारी माणसाला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. त्याला पडलेलं असतं पण नियम नसताना चार पैसे जादा द्यायची त्याची छाती होत नाही, आणि का व्हावी?

बरं, नियम करणं अशक्य आहे असंही नाही. त्याच जीएफआरमध्ये रूल १७३ मध्ये लिहून ठेवलंय की विजेची उपकरणं घेताना बीईईचं, म्हणजे वीजबचत बघणाऱ्या केंद्राच्या ब्युरोचं ठरवून दिलेलं स्टार रेटिंग असलेलीच घ्यायची. त्यामुळे आज एसी घेताना कोणी स्टोअरकीपर घाबरत नाही, कमी स्टारचा स्वस्त एसी टेंडरमध्ये बसतच नाही, विषय संपला. खादीचंही तसंच, रूल १५३ प्रमाणे केंद्राने हातसुताची हातमागावरची खादी केव्हीआयसी म्हणजे खादी ग्रामोद्योग आयोगाकडूनच घ्यायची म्हणून राखीव ठेवलेली आहे. आणि सगळ्यात जुनं आणि मोठं उदाहरण म्हणजे ताग. १९८७ चा कायदा आहे, त्याखाली केंद्र दरवर्षी ठरवतं की किती धान्य आणि किती साखर तागाच्या गोणीतच भरायची, धान्य शंभर टक्के आणि साखर २० टक्के असं ते बरीच वर्षं चाललंय. रेशन दुकानात तांदूळ तागाच्या गोणीतून येतो तो काय कोणाला तागाचं प्रेम आहे म्हणून येत नाही. बंगालमधल्या गिरण्या आणि त्यांच्यामागचे ताग पिकवणारे शेतकरी या एका खरेदीवर उभे आहेत. त्यात भानगडी नाहीत असं नाही, कधी गोणी कमी पडतात आणि मग प्लास्टिकच्या पोत्यांना सूट द्यावी लागते, पण मुद्दा हा की सरकारने ठरवलं तर झाडापासून बनलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळतं.

आणि सरकारने उलटं ठरवलं तर काय होतं तेही बघितलंय. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, त्याआधी कापडी तिरंगा हातसुताचा हातमागावरचाच लागायचा, आता मशीनवरचा आणि पॉलिएस्टरचाही चालतो. पुढच्याच ऑगस्टला घरोघरी तिरंगा आला. घरोघरी झेंडा लागला त्याचा आनंदच आहे, पण खादीचा तिरंगा बनवणारं हुबळीचं केंद्र आपल्यापासून काही तासांवर आहे, तिथल्या सूत कातणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल? एक ओळ बदलली आणि कापसाच्या जागी पेट्रोलियम आलं. एका ओळीत एवढी ताकद असते.

अमेरिकेत यावर चांगलं वीसेक वर्षांपासून काम चालू आहे. २००२ च्या त्यांच्या शेती कायद्यात कलम ९००२ आलं, की फेडरल सरकारी खात्यांनी खरेदी करताना वनस्पतीजन्य मालाला पसंती द्यायची. बायोप्रेफर्ड म्हणतात त्याला, त्यांचं कृषी खातं चालवतं. नुसतं पसंती द्या म्हणून मोकळे झाले नाहीत ते, प्रत्येक प्रकारच्या मालात वनस्पतीजन्य भाग किती हवा त्याचा किमान टक्का ठरवून दिला. २००६ मध्ये पहिली यादी आली ती फक्त सहा प्रकारांची, त्यात यंत्रांचं हायड्रॉलिक तेल होतं, छपराचे लेप होते, चादरी टॉवेल होते, आणि टक्का सगळ्यांना सारखा नव्हता, हायड्रॉलिक तेलाला ४४ तर चादरी टॉवेलना फक्त १२. म्हणजे जिथे जेवढं जमतं तेवढंच मागितलं. यादी हळूहळू वाढत शंभराच्या पुढे गेली. आणि खरेदी अधिकाऱ्याला तीन दरवाजे उघडे ठेवले, माल वेळेत मिळत नसेल, कामाला टिकत नसेल किंवा किंमत अवाच्या सवा असेल तर नाही घेतला तरी चालेल. मला हे फार आवडलं, कारण अशा नियमात स्टोअरकीपर अडकत नाही.

आता कोणी म्हणेल की टक्का मोजणार कसा, व्यापारी काय वाट्टेल ते छापतील, इको-फ्रेंडली, नॅचरल, पानाचं हिरवं चित्र. बाजारात निम्म्या मालावर तेच पान छापलेलं असतं. पण याची पक्की टेस्ट आहे. झाड हवेतला कार्बन घेतं आणि त्या कार्बनात थोडासा कार्बन-१४ असतो, तो साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. खनिज तेल तर कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. मग लॅबमध्ये नमुना जाळून कार्बन-१४ किती तो मोजला की त्या वस्तूतला किती कार्बन झाडाचा आणि किती तेलाचा ते टक्क्यात कळतं, पुरातत्त्ववाले जुन्या लाकडाचं वय काढतात तीच युक्ती. एएसटीएम डी६८६६ नावाचं स्टँडर्ड आहे त्याचं. साध्या पत्रावळीला हे करायची गरज नाही, ती डोळ्यांना दिसते, पण तेल, रंग, साबण, पिशव्या असला माल घेताना कागदावर टक्का मागितला की निम्मे भामटे टेंडर भरणारच नाहीत.

एक गोष्ट मात्र घोळ न घालता समजून घ्यायला हवी, झाडापासून बनलं म्हणजे कुजलंच असं नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवतात, ते पूर्ण वनस्पतीजन्य, पण साळ नदीत टाकलं तर साध्या पिशवीसारखंच तरंगत राहणार. आणि कंपोस्टेबल म्हणून ज्या पिशव्या येतात त्यांना सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, तरी त्याही परसात खड्ड्यात टाकून पटकन कुजत नाहीत, त्यांना नीट तापमानाचा प्लांट लागतो. म्हणून नियम करताना दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायचे, कशापासून बनलं आणि नंतर त्याचं काय होणार. जुलै २०२२ ची केंद्राची बंदी बघा, प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे, स्ट्रॉ, थर्मोकोलची सजावट हे सगळं यादीत आहे, पण बॅनर मात्र १०० मायक्रॉनच्या आतले बंद. मग जाड फ्लेक्स लावला की झालं. आमच्याकडे चौकाचौकात स्वच्छतेचा संदेश देणारे सरकारी फ्लेक्स लागतात, ते उतरवल्यावर जातात कुठे कोणी विचारलंय? बहुतेक कोणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर लाकडांवर पावसात घालायला.

आणि अमेरिकेची नक्कल डोळे मिटून करू नका. त्यांनी सुरुवातीला अट घातली होती की जो माल १९७२ मध्येच बाजारात चांगला रुळलेला होता त्याला ही पसंती नाही, कारण त्यांना नवीन उद्योग उभे करायचे होते. जंगलातून येणाऱ्या मालाला पुढे २०१४ च्या कायद्याने वाट मोकळी करून दिली. तीच अट इथे आणली तर आपली पत्रावळ, सुंभ, सूप, झाडू, चटई सगळं जुनं म्हणून बाहेर आणि कोणीतरी बाहेरून आणलेलं चकचकीत बायोप्लास्टिक आत! आपल्याला नेमकं उलटं पाहिजे.

गोव्यात काय काय करता येईल ते सांगतो, मला सुचेल तसं. नारळाचं सोडण, म्हणजे वरची जाड साल, आजही कितीतरी घरांत न्हाणीत पाणी तापवायला जातं, बाकीचं कुजतं. त्याच्या काथ्याची जाळी रस्त्याच्या भरावावर, कापलेल्या डोंगराच्या उतारावर घालतात, माती धरून ठेवते, गवत वर येईपर्यंत टिकते आणि मग आपोआप मातीत जाते. मे २०२० मध्ये केंद्राने ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांत मिळून १,६७४ किलोमीटर रस्त्यांना ही काथ्याची जाळी ठरवली, त्यात शेजारच्या महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर आहेत. गोवा त्या सातात नाही. आमच्याकडे पावसात कुठे ना कुठे दरड खाली येते, लाल मातीचे कापलेले कडे आहेत, खाणींचे डंप आहेत, आणि नारळ आहेत. पीडब्ल्यूडीच्या एस्टिमेटमध्ये एक आयटम घालायला अडचण काय आहे मला खरंच कळत नाही.

बांबूचंही तसंच. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, म्हणजे कापायला, न्यायला तो जुना परवान्याचा त्रास नाही. पण सूप, पाटलो (टोपली) विणणारी माणसं गावागावात कमी होत चाललीत कारण वर्षाला एकदा चवथीच्या बाजारात विकून घर चालत नाही. सरकारी ऑफिसातल्या कचऱ्याच्या टोपल्या तरी बांबूच्या घ्या की, प्रत्येक टेबलाखाली एक असते. चिकणमातीच्या गणपतीला हस्तकला महामंडळातर्फे सबसिडी मिळते, चांगलं आहे, पण सबसिडी वेगळी आणि ऑर्डर वेगळी. सबसिडीला फॉर्म भरून वाट बघत बसायचं, ऑर्डर हातात असली की बँकसुद्धा कर्जाला दारात उभं करते.

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. पावसाळ्यात विरीच्या प्लेटांना बुरशी धरते, स्टोअर कोरडं नसेल तर अख्खी बॅच फेकावी लागते. पत्रावळीत हुमण म्हणजे माशाची आमटी वाढली तर शर्टावर येणार हे कोणाला सांगायला नको. बचतगट एकदम दहा हजार प्लेटा देऊ शकत नाही, आणि मोठा फेस्टिव्हल आला की तेवढ्या लागतातच. टेंडरात ईएमडी म्हणजे अनामत रक्कम, टर्नओव्हर, मागच्या तीन वर्षांचा अनुभव असल्या अटी असतात, त्यात बचतगट पहिल्याच पानावर बाद. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीचं केंद्राचं धोरण आहे, त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी, ईएमडीतूनही सूट आहे, पण ती सूट मिळवायला उद्यम रजिस्ट्रेशन लागतं आणि ते कसं करायचं हे गावात जाऊन कोणी सांगितलंय का? सरकारी योजना समजावून सांगायला नेमलेले स्वयंपूर्ण मित्र गावोगाव फिरतात ना, त्यांना हे एक काम द्या. आणि पहिल्या वर्षी पाच-सहाच वस्तू घ्या, प्लेटा, बॅनर कापडाचे, पायपुसणी काथ्याची, टोपल्या, फाईलींना बांधायची दोरी सुती. टक्का कमी ठेवा, तीन सुटींचे दरवाजे उघडे ठेवा, पण सर्क्युलर वित्त खात्याचं असू दे. पर्यावरण खात्याचं सर्क्युलर आमच्यासारखे लोक फाईलला लावतात आणि विसरतात, वित्त खात्याचं आलं की टेबलावर काचेखाली ठेवतात.

माझं आमच्या आमदारांना एवढंच सांगणं आहे की येत्या अधिवेशनात एक लेखी प्रश्न टाका, गेल्या वर्षी सर्व खात्यांनी मिळून प्लेटा, कप, बॅनर, पायपुसणी आणि टोपल्या यांच्यावर किती खर्च केला आणि त्यातला गोव्यात बनलेला माल किती. हा आकडा आज एकत्र कोणाकडेच नसणार असं मला वाटतं. पण उत्तर द्यायचं म्हटलं की प्रत्येक खात्याला स्टॉक रजिस्टर उघडून बसावं लागेल, आणि माझ्या जागेवर आता जो कोणी बसलाय त्याला त्या आठवड्यात घरी जायला थोडा उशीर होईल, त्याची माफी मी मागतो.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, फोंडा