घट्ट वालुकाश्मातील वायूचे प्रस्ताव तपासताना : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

घट्ट वालुकाश्मातून नैसर्गिक वायू काढण्याचे प्रस्ताव मंजुरीसाठी येतात, तेव्हा खडकाची सच्छिद्रता, म्हणजे त्यातील पोकळ्यांचा वाटा, किती टक्के, हा आकडा सहसा सर्वांत आधी मांडला जातो. खडकात वायू किती मावेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तो विहिरीपर्यंत वाहत येईल का, हे मात्र त्यावरून कळत नाही, आणि मंजुरी देताना खरा प्रश्न तोच असतो.

वालुकाश्म खोल गाडला जातो तसे वाळूचे कण एकमेकांत रुततात, त्यांच्यावर क्वार्ट्झची पुटे चढतात आणि उरलेल्या पोकळ्यांत चिकणमातीची खनिजे वाढतात. छिद्रे काही प्रमाणात टिकतात, पण त्यांना जोडणाऱ्या वाटा आक्रसतात. अशा खडकात त्यांची रुंदी साधारणपणे 2 ते 0.03 मायक्रोमीटर असते आणि पारगम्यता, म्हणजे खडकाची वायू वा द्रव वाहू देण्याची क्षमता, 0.1 मिलिडार्सीच्याही (मिलिडार्सी हे तिचे एकक) खाली जाते. बारीक नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाखाली तो सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे 8 टक्के सच्छिद्रतेचे दोन खडक पारगम्यतेत शंभरपट वेगळे असू शकतात. त्यातच सर्वांत अरुंद वाटा केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, आणि वायूसाठी उरलेला मार्गही अडतो.

अधिक काळजी वाटते ती मोजणीची. काही वालुकाश्मांत इलाइट या चिकणमातीच्या खनिजाचे केसासारखे तंतू छिद्रांत आडवेतिडवे पसरलेले असतात. नमुना नेहमीप्रमाणे हवेत वाळवला, की आटत जाणाऱ्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे ते भिंतींना चिकटतात, वाट मोकळी होते आणि पारगम्यता वाढीव दिसते. भूगर्भातला ताण न देता चाचणी केली, तर दबून मिटणाऱ्या फटी उघड्याच राहतात. कमी दाबाचा वायू वापरला, तर त्याचे रेणू भिंतीलगत घसरतात; हा परिणाम संशोधक क्लिंकेनबर्ग यांनी 1941 मध्ये दाखवून दिला, तरी त्याची दुरुस्ती न केलेले आकडे मूल्यमापनात येऊ शकतात. या तिन्ही त्रुटी खडक आहे त्याहून चांगला भासवतात, म्हणून सरासरी काढून त्या निघून जात नाहीत.

आपल्याला विनंती आहे की, अशा प्रत्येक प्रस्तावात सच्छिद्रतेसोबत पारा-प्रवेश चाचणीतून (नमुन्यात दाबाने पारा शिरवून) मिळालेले वाटांच्या आकारांचे वितरण आणि साठ्याइतक्या ताणाखाली मोजलेली पारगम्यता बंधनकारक करावी, तसेच नमुना कसा वाळवला याची नोंद मागावी. पारा शिरलेला तुकडा पुन्हा प्रवाह-चाचणीसाठी वापरता येत नाही. म्हणून विहिरीतून काढलेल्या गाभ्याचा, म्हणजे खडकाच्या दंडगोलाकार नमुन्याचा, एक भाग, ओलावा टिकेल अशा वेष्टनात, सरकारी ताब्यात राखून ठेवावा आणि स्वतंत्र तपासणीसाठी मागणाऱ्या संशोधकांना तो उपलब्ध करून द्यावा.

आपला विश्वासू,
एक भूवैज्ञानिक