‘पॅराडायसल’ चूक नाही

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत ‘स्वर्गासारख्या जागेसाठी इंग्रजी विशेषणे’ वाचली. हे सदर मी कापून ठेवते, म्हणूनच लिहिते आहे. ‘पॅराडिसायकल’ बरोबर आणि ‘पॅराडायसल’ चूक, असे आपण छापलेत. ते खरे नाही. ‘पॅराडाइज’चे विशेषण कसे करावे यावर खुद्द इंग्रजांचेच एकमत झालेले नाही. ही दोन्ही रूपे आणि शिवाय ‘पॅराडिसियॅक’ही कुठल्याही मोठ्या शब्दकोशात सापडेल.

मला हे जिव्हारी लागले, कारण 1994 साली माझ्या वर्गातल्या एका मुलीने आंतरशालेय स्पर्धेत नेमका ‘पॅराडायसल’ लिहिला आणि परीक्षकांनी त्यावर काट मारली. मी शब्दकोश नेऊन पान उघडून दाखवले. ‘उत्तरसूचीत नाही’, एवढेच ऐकवले गेले. एका गुणाने तिचे बक्षीस हुकले. परतीच्या एसटीत ती चिपळूणपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि पुढे वर्षभर तिने माझ्या तासाला हात वर केला नाही. आता आपल्या पुरवणीचा आधार घेऊन कुणी परीक्षक पुन्हा तेच करील.

‘युटोपियन’, ‘आर्केडियन’, ‘इलिझियन’ आणि ‘हॅल्सियन’ देऊन ‘हे शब्द एकमेकांऐवजी चालतात’ असे आपण म्हटलेत, तेही पटले नाही. ‘युटोपिया’ टॉमस मोर यांनी 1516 साली ग्रीकवरून घडवला, अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’. त्यावरून झालेले ‘युटोपियन’ हे विशेषण आदर्श समाजाच्या कल्पनेला लागते, आपण उदाहरणात दिलेल्या समुद्रकिनाऱ्याला नाही. ‘आर्केडियन’मध्ये मेंढपाळांचे साधे, निवांत जगणे आहे, ‘इलिझियन’मध्ये मेल्यानंतर पुण्यवंतांना मिळणारी भूमी. आणि ‘हॅल्सियन’ म्हणजे तर आपला खंड्या! भर हिवाळ्यात तो समुद्रावर अंडी उबवतो आणि तेवढे चौदा दिवस वारा पडून राहतो, अशी ग्रीकांची समजूत. म्हणून तो शब्द जागेपेक्षा सुखाच्या काळाला शोभतो. विजेच्या तारेवर बसणाऱ्या पांढऱ्या गळ्याच्या खंड्याचे शास्त्रीय नाव आजही हॅल्सियन स्मिर्नेन्सिस आहे. मुलांना हे सांगितलेत तर शब्द पाठ करावा लागणार नाही.

शब्दकोड्याची उत्तरेही तीन आठवडे आलेली नाहीत. तिथे जाहिरात असते. आम्ही वाट पाहतो.

‘पॅराडायसल’ची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी, त्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, चिपळूण