पाळणाघरांना परवाना हवाच

महोदय,

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या पाळणाघराला महाराष्ट्रात 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पालक त्या पावतीलाच परवाना समजतात. खोली किती मोठी, मुले किती, सांभाळणाऱ्या बायका किती, हे त्यात कोणी तपासत नाही.

कॅलिफोर्नियात चार तान्ह्या मुलांमागे एक मोठे माणूस आणि आत दर मुलामागे 35 चौरस फूट मोकळी जागा असल्याशिवाय केंद्राला परवाना मिळत नाही. चारचा आकडा उगाच नाही. एका बाळाचे लंगोट बदलताना पाठ वळते, तेवढ्यात रांगणारे दुसरे बाळ बादलीपाशी पोहोचते. आपल्याकडेही मुलांची कमाल संख्या ठरवून ती दारावर लावणे सक्तीचे करावे. तपासणी मात्र न कळवता, दुपारी मुले झोपतात त्या वेळी व्हावी. माणसे तेव्हाच कमी असतात.

– एक पाळणाघर संचालिका, ठाणे