बाईंचा विद्यार्थी

प्रिय बाळा,

माझ्या चित्रकलेच्या बाई गेल्याचं तुला फोनवर सांगितलं, पण पुढे मला बोलता येईना. तू विचारलंस, "बाबा, त्यांनी तुला नेमकं काय शिकवलं?" ते लिहूनच सांगतो.

बाईंनी माझ्या कागदाला कधी स्वतःचा ब्रश लावला नाही. विद्यार्थ्याचं चित्र दोन फटकाऱ्यांत सुधारून देणारे शिक्षक पुष्कळ असतात. बाई नुसत्या मागे येऊन उभ्या राहायच्या. "यात सगळ्यात गडद काय आहे?" मी रंगाचं नाव घेतलं की म्हणायच्या, "रंग नको सांगूस. डोळे किलकिले कर आणि बघ." तसं केलं की बारकावे पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. आजही चित्रापुढे मी आधी तेच करतो.

पॅलेटवर काळा रंग त्यांना चालायचा नाही. सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळायला लावायच्या. निळा आणि तांबूस तपकिरी एकमेकांचा भडकपणा मारतात, त्यातून करडा येतो. पाणी भरपूर असेल तर अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि सावली जिवंत दिसते. ट्यूबमधल्या काळ्यात मला ते कधीच सापडलं नाही. शिवाय जलरंग वाळला की फिकट होतो, म्हणून ओलं चित्र बघून आनंद किंवा दुःख करायची त्यांच्या वर्गात मुभा नव्हती!

पण बाईंचा खरा जीव कोऱ्या कागदात. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच राखायचा असतो, आणि तेही पहिल्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, आधी ठरवून. "काय रंगवणार ते कळलं. काय सोडणार?" हा प्रश्न ऐकला की माझा हात थांबायचा. काही सुचेपर्यंत बाई शांतपणे वाट बघायच्या. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

फ्रेंच चित्रकार सेझान हा पिसारो या चित्रकाराबरोबर उघड्यावर चित्रं काढून शिकला. पिसारो १९०३ मध्ये गेला. पुढे १९०६ मध्ये, स्वतः सेझान मोठा चित्रकार म्हणून ओळखला जात असताना, एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या नावापुढे छापलं होतं: 'पिसारोचा विद्यार्थी'. ही गोष्ट मला बाईंनीच सांगितली होती, पिसारोबद्दल बोलता बोलता. स्वतःविषयी त्या कधी बोलत नसत.

माझ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग छपाईला जातोय. माझ्या नावाखाली मी बाईंचं नाव घालायला सांगितलंय, 'यांचा विद्यार्थी' असं. आयोजक म्हणाले, पुरस्कारांची यादी द्या, जागा तेवढीच आहे. मी यादी काढून टाकली.

उद्घाटनाला ये. बाईंच्या घरची मंडळीही येणार आहेत, त्यांच्याशी तुझी ओळख करून द्यायची आहे.

तुझा,
बाबा