बाबा, तुमचंच बरोबर होतं

प्रिय आई-बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर तुमचा कॉम्प्युटर स्लो का झालाय ते बघताना मी बाबांवर चिडले ते रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून आज सरळ लिहायलाच बसले. बाबा, सॉरी. तुम्ही परत परत सांगत होतात की मी रोज रात्री कॉम्प्युटर शटडाउन करूनच झोपतो, आणि मी म्हणत होते नाही करत, कारण टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीत, अप टाइम (किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) 41 दिवस दिसत होता आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही. नंतर आठवलं, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय असते. ती चालू असली की शटडाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा आतला भाग डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे तो आकडाही पुढे चालूच राहतो. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्ट दाबल्यावर. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा.

आणि सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, 93 टक्के कोण खात होतं ते तर सापडलंच, स्पूलर! स्पूलर म्हणजे आपण दिलेल्या प्रिंट्स लायनीत लावणारा प्रोग्रॅम. आई, तू लाइटबिलाची प्रिंट दिलीस आणि दुसऱ्याच दिवशी प्रिंटर ताईकडे गेला, ती प्रिंट बिचारी तिथेच अडकली होती आणि नसलेल्या प्रिंटरसाठी इतके दिवस खटपट चालू होती. प्रिंट्सची ती लाइन (क्यू) उघडून कॅन्सल ऑल केलं तर आकडा 7 वर आला, पंख्याची घरघर थांबली, आणि तू किचनमधून विचारलंस, "बंद पडला का गं?" मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! दुकानवाल्याने तर नवीनच घ्या सांगितलं होतं. अजिबात घेऊ नका.

परत स्लो वाटला तर बाबा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, आणि सीपीयू लिहिलंय तिथे क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. फक्त चालू केल्या केल्या बघू नका, तेव्हा अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन असलं काहीतरी चालू असतं, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. तरी आकडा खाली आला नाही तर फोटो काढून मला पाठवा, एंड टास्क, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणं, मात्र मला विचारल्याशिवाय नको.

अजून एक, आणि हे आई तुझ्यासाठी जास्त, कारण फोन तूच उचलतेस. कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय असा फोन आला किंवा स्क्रीनवर नंबर दिसला तर बोलूच नकोस, कुठलंही अ‍ॅप टाकायला सांगितलं तर टाकू नकोस, ओटीपी तर नाहीच. चुकून काही दिलंच गेलं आणि पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मग मला, कितीही वाजलेले असू देत.

शनिवारी रात्री आठला कॉल करते. कॉम्प्युटर पावणेआठलाच चालू करून ठेवा, बाबांची सोसायटीच्या हिशोबाची फाइल किती वेळात उघडते ते बघायचंय मला.

तुमची,
छकुली