नायट्याच्या मलमातील स्टिरॉइड शेड्यूल एच-१ मध्ये आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत त्वचेच्या बुरशीजन्य आजारांविषयी मजकूर येऊ लागतो. अंग कोरडे ठेवा, सुती कपडे घाला, एकमेकांचे टॉवेल वापरू नका, हा त्यातला सल्ला रास्तच असतो. परंतु तालुक्याच्या गावी औषध दुकानात फार्मासिस्ट म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर माझे स्पष्ट मत झाले आहे की, अलीकडे नायटा इतका चिवट होण्यात घामापेक्षा आणि घट्ट जीन्सपेक्षा दुकानांतून बिनबोभाट विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांचा वाटा मोठा आहे. त्याविषयी सविस्तर लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

नायट्याचा गिऱ्हाईक सहसा आजाराचे नाव घेत नाही. जांघेतले दुखणे चारचौघांत सांगायचे कसे, म्हणून तो खिशातून शेपटापर्यंत पिळून गुंडाळलेली जुनी ट्यूब काढून काउंटरवर ठेवतो आणि ‘हीच द्या, दुसरी नको’ एवढेच म्हणतो. ती ट्यूब त्याला कोणी शेजाऱ्याने, मेव्हण्याने किंवा वसतिगृहातल्या सोबत्याने सुचवलेली असते. घडी उलगडून पाहिले तर बारीक इंग्रजी अक्षरांत तीन-चार घटक छापलेले आढळतात: बुरशीवरचे क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल, जिवाणूंवरचे निओमायसिन किंवा जेंटामायसिन, आणि या सर्वांच्या सोबतीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जहाल स्टिरॉइड. त्याने मात्र ते ‘खाजेचे मलम’ म्हणून नेलेले असते.

या मलमाचा गुण दोन दिवसांत दिसतो, आणि नेमकी तीच त्याची गोम आहे. नायट्याची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते, आणि लाली, खाज, उठलेली कड ही शरीराने तिच्याविरुद्ध केलेल्या प्रतिकाराची लक्षणे असतात. स्टिरॉइड हा प्रतिकारच दाबून टाकते. खाज थांबते, चट्टा फिका पडतो, माणूस आठवड्याच्या आत मलम बंद करतो, आणि बुरशी मात्र आरामात पसरत राहते. मग जांघेतला चट्टा पोटावर आणि पाठीवर जातो, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ उमटते, आणि कड पुसट झाल्यामुळे कधी कधी डॉक्टरांनाही रोग चटकन ओळखता येत नाही. महिनोन्‌महिने वापर झाला तर मांड्यांच्या आतल्या बाजूस त्वचा पातळ होऊन पांढरे-जांभळे ओरखडे पडतात. नायटा पुढे बरा झाला तरी ते जन्मभर राहतात. विशी-बाविशीच्या मुलांच्या मांड्यांवर असे व्रण त्वचारोगतज्ज्ञांना वरचेवर दिसतात.

कोणी म्हणेल की, एवढे कशाला, जोरदार गोळी घेतली म्हणजे झाले. पण बुरशीवरची औषधे मुळातच मोजकी आहेत. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीला अधिक जवळची असल्याने, तिला मारेल पण माणसाला इजा करणार नाही असे औषध शोधणे कठीण असते. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. या एका फरकावर आज वापरात असलेली बहुतेक औषधे उभी आहेत. अँफोटेरिसिन थेट एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते, तर टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ते तयार होण्याच्या वाटेतील दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा आणतात. (या शोधात आपल्याकडचाही हात होता, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीस हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले.)

या मोजक्या औषधांपैकी टर्बिनाफिन कित्येक वर्षे नायट्यावर हमखास लागू पडत असे. आता तशी खात्री देता येत नाही. ज्या एन्झाइमवर ते काम करते त्याच्या जनुकात बदल झालेली बुरशी भारतात सर्वदूर आढळू लागली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे स्वतंत्र नाव दिले, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले दोन रुग्ण आढळल्याचे जाहीर केले. त्यांपैकी एक महिला बांगलादेशात जाऊन आलेली होती, तर दुसरीने परदेश प्रवासच केलेला नव्हता. स्टिरॉइडमुळे जनुक बदलते असा माझा दावा नाही. पण स्टिरॉइडने लांबवलेला संसर्ग आणि अर्ध्यावर सोडलेले गोळ्यांचे कोर्स अशा बुरशीच्या पथ्यावर पडतात, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत, आणि दुकानात जे दिसते ते त्याच्याशी जुळते.

स्टिरॉइड आणि बुरशी यांची सांगड काय करू शकते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या रुग्णांना स्टिरॉइडे दिली जात असताना, महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या, रूपाने पाहिले. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून वणवण फिरत होते. तो आजार वेगळा, जीवघेणा. नायट्याने कोणी दगावत नाही. कदाचित त्यामुळेच त्याची दखल कोणी घेत नसावे.

कायदा अगदीच झोपलेला आहे असे नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली होती. ती दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्यांत त्वचेची काही मलमेही होती. त्याच वर्षी मार्चमध्ये त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांचा शेड्यूल एचमध्ये समावेश झाला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात एखादा घटक इकडचा तिकडे असलेली मिश्रणे आजही फळीवर आहेत आणि चिठ्ठी मागणारा दुकानदार गिऱ्हाइकाला तऱ्हेवाईक वाटतो. ‘पलीकडे मिळते की,’ असे म्हणून तो चालू लागतो आणि पलीकडे त्याला ते खरोखरच मिळते. प्रामाणिकपणे वागणाऱ्या दुकानदाराला धंदा गमावण्यापलीकडे काही मिळत नाही, हे अन्न व औषध प्रशासनाने लक्षात घ्यावे.

माझी सूचना अशी की, जहाल स्टिरॉइड असलेली सर्व मलमे शेड्यूल एच-१ मध्ये आणावीत. मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधे या यादीत आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. निरीक्षकाला खरेदीची बिले आणि ही वही शेजारी ठेवून तपासता येते. आज मात्र मलमाची ट्यूब दुकानातून गेली की तिचा माग उरत नाही. यादी बदलणे केंद्राच्या हाती असले, तरी तशी शिफारस करण्यास आणि तोवर शेड्यूल एचची तपासणी कडक करण्यास राज्य प्रशासनाला कोणी अडवलेले नाही.

यावर आक्षेप येईल की, खेड्यात त्वचारोगतज्ज्ञ नाही, मग गोरगरिबाने जायचे कुठे? आक्षेप खोटा नाही. पण नायट्याच्या निदानासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहायचे. ज्या ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगासाठी थुंकी तपासली जाते, तिथे ही तपासणी थोड्या प्रशिक्षणाने सहज सुरू होऊ शकते. नुसत्या क्लोट्रिमॅझोलचे, म्हणजे स्टिरॉइड नसलेले, मलम स्वस्तही आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम शिल्लक असले आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचे हे रुग्णाला नीट समजावून सांगितले, तर सुरुवातीचा, थोड्या जागेतला नायटा बहुधा तिथेच आटोक्यात येईल.

गोळ्यांबाबतही दोन शब्द लिहिणे भाग आहे. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यावी लागते आणि पोटात आम्ल असल्याशिवाय ती नीट शोषली जात नाही. आपल्याकडे कोणत्याही गोळीसोबत ‘ॲसिडिटीची’ गोळी घेण्याची पद्धत पडून गेली आहे, आणि मग इट्राकोनॅझोल लागू पडत नाही म्हणून रुग्ण डॉक्टर बदलत राहतो. हृदय कमजोर असलेल्यांना हे औषध चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते घेणे धोक्याचे असते. त्यामुळे मोबाइलवर कोणाच्या तरी स्ट्रिपचा फोटो दाखवून ते मागणाऱ्याला दुकानदाराने परत पाठवले, तर कृपया राग मानू नये.

आपल्या पुरवणीत पुढील वेळी या विषयावर मजकूर येईल, तेव्हा टॉवेल आणि सुती कपड्यांच्या जोडीने एक चौकट घालावी आणि तिच्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल ही नावे इंग्रजी स्पेलिंगसह ठळक अक्षरांत छापावीत, म्हणजे घरात पडलेल्या ट्यूबवर ती आहेत का, हे वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
जि. सातारा